सात आसनांची गाडी आणि दोन मिनिटांचा विमा

गेल्या गुढीपाडव्याच्या आठ दिवस आधीची गोष्ट. सांगलीत आमच्या वसाहतीत एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. जुने कार्यकर्ते. एक सायकल आणि पुढे एक स्कूटर एवढ्या भांडवलावर अर्धा जिल्हा पालथा घातलेले गृहस्थ. त्यांचा धाकटा चिरंजीव चाकणच्या एका कारखान्यात अभियंता आहे. त्याने घरासाठी सात आसनांची, दणकट बांध्याची डिझेल एसयूव्ही घ्यायचे ठरविले, आणि तीही आईच्या नावावर. नोंदणी पक्की करायला जाताना 'कोणीतरी वडीलधारे बरोबर असावे' म्हणून सरांनी मलाही गाडीत घातले.

शोरूममध्ये त्याच वेळी दुसऱ्या एका कुटुंबाला गाडीचा ताबा दिला जात होता. पुठ्ठ्याची भली थोरली किल्ली, रंगीत फुगे, छायाचित्रकार आणि केकसुद्धा. (गाडीपुढे नारळ फोडण्याऐवजी केक कापण्याची ही टूम कुणी काढली, कळत नाही, असो.) आमची घासाघीस दोन तास चालली. पायाखालच्या मॅट फुकट मिळाव्यात, मड-फ्लॅप मिळावेत, आसनांची आवरणे अर्ध्या किमतीत मिळावीत, यासाठी चिरंजीवांनी जे वक्तृत्व दाखविले ते पाहून सरांना त्याच्या शालेय वक्तृत्व स्पर्धा आठवल्या. मग एका मुलीने कागद पुढे सरकविला. 'काका, इन्शुरन्स यातच धरलाय. इथे आणि इथे सही.' आकडा होता एक्क्याण्णव हजार रुपये. मॅटची किंमत असेल चार-पाच हजार. मॅटसाठी दोन तास आणि विम्यासाठी दोन मिनिटे, हे प्रमाण मला अस्वस्थ करून गेले. 'सही उद्या करू' असे सांगून तो कागद मी घरी आणला. पुढचे दोन दिवस आम्ही त्याचा जो अभ्यास केला, त्यातून हा लेख उतरला आहे.

देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी वाहनांपैकी निम्म्याहून अधिक आज याच जातीची असतात. मध्यमवर्गीय घरांत घराखालोखाल मोठा खर्च आता हाच असतो. त्यामुळे हा विषय केवळ श्रीमंतांचा राहिलेला नाही.

त्या एक्क्याण्णव हजारांत पहिला मोठा आकडा होता २४,५९६ रुपयांचा. हा तृतीय पक्षाच्या, म्हणजे आपल्या गाडीमुळे ज्या परक्या माणसाला इजा होईल त्याच्या भरपाईचा हप्ता. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या १४६ व्या कलमान्वये हा विमा सक्तीचा आहे; या सक्तीची परंपरा तर १ जुलै १९४६ पर्यंत मागे जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीसाठी तो एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. याचे दर सरकार ठरविते. जून २०२२ मध्ये ठरलेले दर असे : १००० सीसीपर्यंतच्या मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यावरील इंजिनाला ७,८९७ रुपये. हाच दर सरकारी कंपनीत, हाच खासगी कंपनीत, हाच शोरूमच्या टेबलावर. येथे घासाघीस नाही आणि तुलनाही नाही. कुणी 'थर्ड पार्टीत सूट देतो' म्हणाला, तर त्याचा कागद पुन्हा वाचावा.

मात्र पंधराशे सीसीची ही रेघ गाडी निवडतानाच लक्षात ठेवण्याजोगी आहे. एसयूव्ही म्हणून मिरवणाऱ्या अनेक गाड्यांचे इंजिन १४९७ सीसीचे असते. त्या रेघेच्या तीन सीसी अलीकडे. त्यांना ३,४१६ रुपये पुरतात. दोन हजार सीसीचे डिझेल इंजिन असेल तर दुपटीहून अधिक. रस्त्यावरून जाताना दोन्ही गाड्या सारख्याच धिप्पाड दिसतात, पण सरकारदरबारी रुबाबापेक्षा सीसी मोजले जातात. विजेवरील गाड्यांना हा दर काहीसा कमी असून तो किलोवॅटवर ठरतो.

या हप्त्याबद्दल कुरकुर करणारे पुष्कळ भेटतात. 'माझ्या गाडीला याचा उपयोग काय?' उपयोग खरोखरच नाही. तो आपल्यासाठी नाहीच. मिरजेच्या रस्त्यावर हातगाडी लावणाऱ्या माणसासाठी तो आहे, सायकलवरून क्लासला निघालेल्या मुलीसाठी आहे. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचाच अहवाल सांगतो. मध्यम आकाराचे एक शहर दरसाल नकाशावरून पुसले जावे, इतकी ही संख्या आहे. आणि तरीही संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीने २०२४ मध्ये नमूद केले की, रस्त्यावरील निम्म्याहून अधिक वाहने विम्याविना धावत आहेत. त्यांत दुचाकी अधिक, हे खरे. पण त्या दुचाकी आपल्याच घरांतल्या आहेत. संघाच्या शताब्दीनिमित्त पंचपरिवर्तनाचा जो विषय घरोघरी नेला जात आहे, त्यात नागरी कर्तव्य हा एक बिंदू आहे. बैठकीत त्यावर बोलणाऱ्याने घरी परतल्यावर आपल्या स्कूटरची पॉलिसी कधी संपली, हे एकदा पाहायला हरकत नाही. विमा नसल्यास पहिल्या वेळी दोन हजार आणि पुन्हा सापडल्यास चार हजार रुपये दंड, शिवाय तीन महिन्यांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे.

येथेच सरकारलाही एक गोष्ट नम्रपणे सांगावीशी वाटते. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विमा यांच्यावरील वस्तू व सेवा कर पूर्णपणे उठविण्यात आला. निर्णय उत्तमच होता. पण मोटारीच्या विम्यावर अठरा टक्के कायम राहिले. सरांच्या गाडीच्या सक्तीच्या हप्त्यावर हा कर होतो ४,४२७ रुपये. गाडीच्या पत्र्याच्या विम्यावर कर घ्या, हवा तर अधिक घ्या. ती चैन आहे असे एक वेळ म्हणता येईल. परंतु जो विमा कायद्याने सक्तीचा आहे आणि ज्याचा लाभ रस्त्यावरील अनोळखी माणसालाच व्हावयाचा आहे, त्यावर कर कशासाठी? ज्यांना हप्ता जड जातो ते मग तो चुकवितात, आणि त्याचा फटका अपघातग्रस्ताला बसतो.

आता तुलना जेथे करायची तेथे येऊ. आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा, ज्याला 'ओन डॅमेज' म्हणतात, त्याचे दर १ जानेवारी २००७ पर्यंत साऱ्या देशात एकसारखे होते. शुल्क सल्लागार समिती ते ठरवी. १५०० सीसीवरील आणि पाच वर्षांच्या आतील गाडीला पुण्या-मुंबईत किमतीच्या ३.४४० टक्के, आणि सांगली, सातारा, नाशिक, नागपूर यांसारख्या शहरांत ३.३४३ टक्के. देशातील आठ मोठी शहरे 'अ' विभागात आणि उरलेला सारा भारत 'ब' विभागात. आपल्याला मागास समजणाऱ्या पुणेकरांना हप्ता मात्र आपल्याहून जास्त पडे, एवढे समाधान सांगलीकरांनी मानावे. सरांच्या गाडीची विम्यासाठी धरलेली किंमत १९ लाख होती. जुन्या दराने या भागाचा हप्ता झाला असता ६३,५१७ रुपये. २००७ नंतर दर खुले झाले आणि कंपन्या सवलती देऊ लागल्या. त्यामुळे या भागातच एका गाडीला चार ठिकाणी चार आकडे ऐकू येतात.

आम्ही दुसरीकडे चौकशी केली. तेथून आकडा आला अडुसष्ट हजार. तेवीस हजारांचा फरक! चिरंजीव हर्षभरित झाले. सरांनी मात्र दोन्ही कागद शेजारी ठेवले, चष्मा पुसला, आणि पेपर तपासावा तसे ओळीने वाचले. स्वस्त कागदात गाडीची किंमत १९ लाखांऐवजी साडेसतरा लाख धरलेली होती, आणि इंजिनाच्या संरक्षणाची ओळच नव्हती. दोन्ही गोष्टी समान करून पुन्हा विचारले तेव्हा आकडा शहात्तर हजारांवर आला. म्हणजे खरा फरक पंधरा हजारांचा. तोही लहान नव्हे, पण उरलेले आठ हजार ही बचत नव्हतीच. तेवढे संरक्षण मुकाट्याने कापले होते. विम्याची तुलना करून देणाऱ्या संकेतस्थळांवरही सर्वांत वर दिसणारा सर्वांत लहान आकडा पुष्कळदा याच युक्तीने लहान झालेला असतो.

ही जी 'धरलेली किंमत', तिला विम्याच्या भाषेत आयडीव्ही म्हणतात. गाडी चोरीला गेली किंवा तिचा पूर्ण चुराडा झाला तर हातात येणारी रक्कम हीच. सहा महिन्यांपर्यंत पाच टक्के घसारा, वर्षापर्यंत पंधरा, दुसऱ्या वर्षात वीस, तिसऱ्यात तीस, चौथ्यात चाळीस आणि पाचव्यात पन्नास. दुरुस्तीचा खर्च या रकमेच्या पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेला तर गाडी पूर्ण गेली असेच धरतात. हजार रुपये वाचविण्यासाठी आयडीव्ही लाख-दीड लाखाने उतरविणारे लोक कर्जाचे हप्ते मात्र पूर्ण किमतीवर भरत असतात, हे विसरतात.

दुसरा घसारा सुट्या भागांचा. तो फार थोड्यांना माहीत असतो, आणि गॅरेजमध्ये बिल हाती पडल्यावर भांडणे होतात ती याच्यावरून. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर सरसकट पन्नास टक्के कपात. काचेवर काही नाही. धातूच्या भागांवर वयानुसार, साडेतीन वर्षांच्या गाडीला पंचवीस टक्के. समजा, अशा गाडीची पुढून धडक होऊन एक लाखाचे बिल झाले : प्लास्टिकचे भाग चाळीस हजार, पत्रा तीस हजार, काच बारा हजार, मजुरी अठरा हजार. प्लास्टिकचे वीस हजार आपल्या खिशातून, पत्र्याचे साडेसात हजार, आणि १५०० सीसीवरील गाडीला प्रत्येक दाव्यात भरावे लागणारे सक्तीचे दोन हजार. एकूण साडेएकोणतीस हजार. आजच्या एसयूव्हीचा दर्शनी भाग किती प्लास्टिकचा असतो, हे एकदा बोटाने ठोकून पाहावे. ज्याला आपण पोलाद समजून दोन लाख जास्त मोजले, तेथे बद्द आवाज येईल. 'झीरो डेप' नावाची जोड घेतली तर ही घसाऱ्याची कपात टळते, दोन हजार तेवढे राहतात. पहिली पाच वर्षे ती घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. किल्ली हरवण्याचा विमा, सामान हरवण्याचा विमा असल्या बारीकसारीक जोडांचे पैसे मात्र खुशाल वाचवावेत.

इंजिनाच्या संरक्षणाबद्दल सांगलीकराला उपदेश करण्याची गरज नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले होते. २००५ च्या २६ जुलैला मुंबईने जे पाहिले, जुलै २०२१ मध्ये चिपळूणने जे पाहिले, ते आम्ही पाहिले. पुराने झालेले नुकसान साध्या सर्वसमावेशक पॉलिसीतही येते. पण पाण्यात बुडालेली गाडी 'सुरू होते का बघू' म्हणून किल्ली फिरविली आणि इंजिनात पाणी ओढले गेले, तर ते मालकाने ओढवून घेतलेले नुकसान ठरते आणि कंपनी हात वर करते. पूर ओसरल्यावर सर्वांत आधी प्रत्येक जण नेमके तेच करतो. गाडी ढकलत किंवा ओढून न्यावी, किल्लीला हात लावू नये. नदीकाठच्या शहरांत इंजिनाची जोड घेतलीच पाहिजे. पठारावरच्या गावात ती नसली तरी चालेल.

दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत, एनसीबी, पहिल्या वर्षानंतर वीस टक्के असते आणि पाच वर्षांत पन्नासवर जाते. ती गाडीची नसून मालकाची असते. जुनी गाडी विकली तरी दाखला घेऊन तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला लावता येते. पॉलिसी संपल्यावर नव्वद दिवस उलटले की ती गेली. चार-पाच हजारांच्या ओरखड्यासाठी दावा करून पन्नास टक्क्यांची सवलत घालविणे म्हणजे शेळी राखायला गाय विकणे होय. आणि नव्या कंपनीकडे जाताना मागचा दावा लपवून ही सवलत मागणारे महाभागही आहेत. कंपन्या ते ताडून पाहतात आणि खरी गरज पडते त्याच दिवशी दावा नाकारतात.

आतापर्यंतचे सारे पैशांचे झाले. सरांनी कागद तपासताना जी ओळ लाल शाईने अधोरेखित केली, ती वेगळीच होती. 'मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा : १५ लाख.' मालक म्हणजे वहिनी. त्यांनी आयुष्यात कधी वाहन चालविलेले नाही, परवाना काढलेला नाही. या संरक्षणाची अट अशी, की अपघाताच्या वेळी चालविणारा स्वतः नोंदणीकृत मालक असला पाहिजे आणि त्याच्याजवळ वैध परवाना असला पाहिजे. म्हणजे शोरूमने ज्या संरक्षणाचे पैसे लावले होते, ते मिळण्याचा प्रसंग या घरात येऊच शकत नव्हता. गाडी चालविणार चिरंजीव, आणि चिरंजीवांच्या नावे त्या एक्क्याण्णव हजारांत एक रुपयाचेही संरक्षण नव्हते.

हा तपशील लहान वाटतो. पण मालकाकडून वाहन घेऊन चालविणारा मालकाच्याच जागी उभा राहतो, तो तृतीय पक्ष नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितले आहे. स्वतःच्याच बेदरकारपणामुळे मृत्यू पावलेल्या एका चालकाच्या कुटुंबाने मागितलेली भरपाई नाकारणारा उच्च न्यायालयाचा निर्णय त्याच न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये कायम ठेवला. आईच्या, पत्नीच्या, ऐंशी वर्षांच्या वडिलांच्या नावावर गाडी घेणे ही आपल्याकडची गोड रीत आहे. तिला माझा विरोध नाही. पण मग प्रत्यक्ष चक्रावर बसणाऱ्याच्या नावे वेगळी अपघात विमा पॉलिसी हवी. सरांच्या चिरंजीवांनी ती त्याच आठवड्यात घेतली. पगारी चालक असेल तर त्याच्या जबाबदारीची ओळ शंभर रुपयांच्या आत मिळते. तीही कितीतरी पॉलिसींत कोरी असते. सात आसनांच्या प्रवाशांसाठी माणशी एक लाखाचे अपघात संरक्षण वर्षाला साडेतीनशे रुपयांच्या आसपास पडते. मॅटच्या किमतीशी तुलना करून पाहावी.

याहून मोठा धोका जुन्या गाड्यांत आहे, आणि तो आपल्या कार्यकर्त्यांशी थेट संबंधित आहे. गाडी सात-आठ वर्षांची झाली की 'आता कसला फुल इन्शुरन्स, थर्ड पार्टी पुरे' असे सर्रास म्हटले जाते. दहा-पंधरा हजार वाचतात. पण केवळ कायद्यापुरती घेतलेली ही पॉलिसी आणि सर्वसमावेशक 'पॅकेज' पॉलिसी यांत एक भेद आहे, ज्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बोट ठेवले : पॅकेज पॉलिसीत गाडीतील प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येते, कायद्यापुरत्या पॉलिसीत खासगी गाडीतून विनामूल्य नेलेल्या प्रवाशांची येत नाही. आपल्या गाडीतून आपण बैठकीला, वर्गाला, लग्नाला, वारीला चार जणांना घेऊन जातो. त्यांतील कुणाचे बरेवाईट झाले आणि न्यायाधिकरणाने पंचवीस लाखांचा निवाडा दिला, तर तो मालकाच्या घरावर आणि जमिनीवर येऊ शकतो. आणि घर वाचविण्यासाठी वकील देऊन भांडायचे कुणाशी? ज्याच्या घरी परवापर्यंत आपण जेवत होतो, त्याच्या विधवेशी.

आणखी एक दुखणे खेड्यापाड्यांतले. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी लग्नसराईत, यात्रेत भाड्याने फिरविणे. पंढरपूर, अक्कलकोट, ज्योतिबा, जेथे पाहावे तेथे अशा गाड्या उभ्या असतात. डिझेलपुरते पैसे मित्रांनी वाटून घेणे निराळे आणि भाडे घेणे निराळे. भाडे घेतल्याचे सिद्ध झाले तर खासगी पॉलिसीतील वापराची अट मोडली गेली आणि दावा अडचणीत आला. बिचाऱ्या तरुणांना हे कुणी सांगत नाही. गाडी विकणारा तर नाहीच नाही. त्यांना पिवळ्या पाटीचा हप्ता महाग वाटतो, आणि तो आहेही. पण त्या गाडीत बसलेल्या भाविकांचा विचार त्या हिशेबात कुठेच नसतो.

विमा म्हणजे परकीयांनी आणलेली धंदेवाईक कल्पना, असे मानणारे काही ज्येष्ठ आपल्यात आहेत. त्यांना इतिहासातील एक गोष्ट सांगावी. परकीय कंपन्या भारतीयांच्या आयुष्याचा विमा उतरवताना युरोपियांपेक्षा जादा हप्ता घेत असत. १८७० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअल सोसायटीने भारतीयांना सामान्य दराने विमा देण्यास प्रारंभ केला. पुढे स्वदेशीच्या चळवळीत, १९०६ च्या सुमारास, कोलकाता, मद्रास, लाहोर येथे देशी विमा कंपन्या उभ्या राहिल्या. १९१९ मध्ये दोराबजी टाटांनी न्यू इंडिया स्थापिली. आयुर्विमा महामंडळाचे बोधवाक्य तर थेट गीतेच्या नवव्या अध्यायातले आहे. अनेकांनी थोडे थोडे देऊन एकाचे ओझे उचलायचे, ही कल्पना आपल्या भिशीला, आपल्या वाड्या-वस्त्यांना मुळीच परकी नाही. परके आहे ते न वाचता सही करणे. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, ती असल्या सह्यांविरुद्धच. पन्नास वर्षांनंतरही आपण मॅटसाठी जागरूक ग्राहक आणि विम्यासाठी आंधळे ग्राहक आहोत.

शोरूमची मुलगी दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणाली, 'काका, बाहेरून घेतलात तर आमच्या वर्कशॉपमध्ये कॅशलेस मिळणार नाही.' हे अर्धसत्य. बिनरोखीची दुरुस्ती विमा कंपनी आणि वर्कशॉप यांच्यातील करारावर अवलंबून असते, पॉलिसी कुणाच्या टेबलावर फाडली यावर नव्हे. विमा कुठून घ्यायचा, हा ग्राहकाचा हक्क आहे. आम्ही त्या वर्कशॉपशी करार असलेली कंपनीच निवडली होती. तसे सांगताच मुलगी हसली आणि म्हणाली, 'बरोबर आहे तुमचं, काका.' तिला दोष देण्यात अर्थ नाही. तिला महिन्याचे लक्ष्य गाठायचे असते.

पाडव्याला गाडी आली. बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, आणि पुढच्या कप्प्यात सरांनी स्वहस्ते तपासलेली पॉलिसी.

त्यानंतरच्या गुरुवारी सरांना एका तालुक्याच्या बैठकीला जायचे होते. नेहमीप्रमाणे एका सहकाऱ्याची नऊ वर्षांची बोलेरो दारात उभी राहिली, आत तिघे आधीच बसलेले. सर दार उघडून आत न बसता म्हणाले, 'पॉलिसी दाखव पाहू.' सहकारी गोंधळले, कप्पा उघडून चुरगळलेला कागद काढला. वर ठळक अक्षरांत 'लायबिलिटी ओन्ली' असे छापलेले. मालकांनी हसून विचारले, 'सर, आज काय पोलिसात भरती झालात?' सरांनी तेथेच, रस्त्यावर उभे राहून, पंधरा मिनिटे बौद्धिक घेतले. मालक ऐकत राहिले, मग गाडी उलटी वळवून घरी लावून आले. त्या दिवशी पाचही जण एसटीने गेले.